मुंडकं नसलेला मोर

दूध उतू जाऊन शेगडी विझली होती. गॅसचा वास माझ्या दारापर्यंत आला, म्हणून मी समोरच्या विद्याच्या घरात शिरले. ती ओट्यापुढे ताठ उभी. डोळे उघडे, पापणी हलत नाही. तोंड मात्र चालू, "हो सर, करते सर. आत्ता करते, सर."

"कोनाशी बोलते गो?" मी विचारलं. हातात फोन नव्हता. घरात दुसरं माणूस नव्हतं. मी गॅस बंद केला, खिडकी उघडली, तिला हलवलं. तिला माझं नावही आठवेना.

विद्या बेलापूरच्या एका कचेरीत मोठी साहेबीण. एकटी, भाड्यानं राहते. काम अर्धं टाकणं तिला पाप वाटे. मला केळी द्यायला आली तरी म्हणायची, "मावशी, हे झालं. पुढचं काय?" जणू केळीही साहेबानंच द्यायला सांगितली.

नेरूळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बर्नआऊट. शेतावर आम्ही याला बैल बसला म्हणायचो. बसलेला बैल मारून उठत नाही. बाईंनी तिला रजा घ्यायला लावली, दर आठवड्याला बोलायला बोलावलं आणि घरचा अभ्यास दिला: रोज एक काम मुद्दाम अर्धं सोडायचं. जीव कासावीस झाला तरी पुरं करायचं नाही.

हा अभ्यासही विद्यानं पहिला नंबर काढायचा असल्यासारखा केला. अर्धी कोथिंबीर निवडलेली, अर्ध्या साडीला इस्त्री. मग रांगोळी सुरू झाली, तीही दुसऱ्यांच्या दारात. एके सकाळी गाईचे चार पाय, वर गाय नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंच्या दारात नुसते दोन डोळे, घरात बघणारे. मी भुताला भीत नाही. पण त्या डोळ्यांवरून मीही जपून पाय टाकला. शेवटी आमच्या दोघींच्या दारांमध्ये आला मुंडकं नसलेला मोर.

मजल्यावर कुजबुज झाली, विद्या करणी करते. सेक्रेटरीबाईंनी घरमालकाला फोन केला, "हिला काढा." गावातून भूत उतरवणारा भगत आणला. तो मोराभोवती फिरून म्हणाला, "मुंडकं नाय, म्हंजे बली मागतंय."

विद्यानं दार उघडलं. घर सोडावं लागेल हे ऐकताच ती रांगोळीचा डबा घेऊन खाली बसली आणि भराभर मोराचं डोकं काढू लागली. तोच ताठ चेहरा, तोच आवाज. "हो सर, पुरं करते सर." भगतच दोन पावलं मागे सरला.

एवढे दिवस केलेला उपचार डोळ्यांदेखत पाण्यात चालला होता. मी पायानं मोर विस्कटला. "बस कर गो. सर कुटं हाय इथं?" भगताला म्हटलं, "तुजा बाप मिठागरात माज्या मागं टोपल्या उचलायचा. तू नीघ." मग सेक्रेटरीबाईंना तो अभ्यास समजावला.

"अहो, आधी नाही का सांगायचं?"

"तुमी इचारलं कदी?"

त्यांनी घरमालकाला पुन्हा फोन केला, "राहू द्या हिला." सगळे गेल्यावर मी विद्याला म्हटलं, "अर्धं सोडायचं तर घरात सोड. लोकांच्या दारात कशाला?"

तिनं बोटांची रांगोळी पुसली. "वाटलं, कोणीतरी बेल वाजवून विचारेल, पुढचं का नाही काढलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे आली. हात रिकामे.

"काय काम?"

"काही नाही, मावशी. अशीच आले."

मी पंखा लावला. ती बसली, मी तांदूळ निवडत राहिले. घर तिचं राहिलं. डॉक्टरीणबाईंकडे अजून जाते. हे सगळं सोसलं ते तिनं, आणि आम्ही एवढे शेजारी असून एकटीनं.