अस्सल गावठी

एका जंगलात, मुलांनो, भिंगरी नावाची कोंबडी राहत होती. अंगावर ठिपके, आवाज मोठा आणि दिवसभर उकिरडा उकरायची सवय.

त्याच जंगलात एक पांढरीशुभ्र कोंबडी आली. पोल्ट्रीच्या टेम्पोतून पडली होती, पण सांगताना ती ‘स्थलांतर केलं’ असं सांगायची. नाव शुभ्राबाई. भिंगरीला उकरताना पाहून तिने नाक मुरडलं आणि म्हणाली, “किती गावठी.”

जंगलात गाव कुठून आलं, असं विचारू नका. शब्दाला पाय असतात, तो कुठेही जातो.

हा तर जंगलभर गेला. माकडं फांदीवरून ‘गावठी, गावठी’ ओरडू लागली. कोल्हा प्रधान तर तिला ‘ए गावठे’ अशीच हाक मारायचा. भिंगरीला फार लागलं. ती शुभ्राबाईसारखी मान ताठ करून चालू लागली. दोनदा दगडाला ठेचकाळली. उकरणं सोडलं, तेव्हा उपाशी राहिली.

मग वाघमहाराजांचं पोट बिघडलं. वैद्याने कच्चं बंद केलं आणि जे काय खाल ते शिजवलेलं आणि गावठी खा, असं बजावलं.

दुसऱ्याच दिवशी दवंडी पिटली गेली. गावठी ही आपल्या जंगलाची शान आहे. अस्सल गावठी कोंबडीचा दरबारात सत्कार होणार आहे.

कोल्हा स्वतः हार घेऊन भिंगरीच्या खुराड्याशी आला. तिला चक्क ‘भिंगरीताई’ म्हणाला. तिच्या ठिपक्यांचं कौतुक केलं, तंगड्यांचं जरा जास्तच केलं. भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस आपण उगाच लाजलो, असं तिला वाटलं.

सत्काराला उत्तर द्यायचं म्हणून ती घुबडपंडितांकडे गेली आणि शब्दाचा नेमका अर्थ विचारला. पंडितांनी चष्मा पुसला.

“गावठी म्हणजे गावचा, तिथल्याच मातीतला. पण वापर दोन प्रकारचा. कुणा जिवाला गावठी म्हटलं तर ती शिवी. खायच्या वस्तूला म्हटलं तर ती स्तुती. गावठी लसूण, गावठी अंडी, वगैरे.”

“आणि माझी स्तुती चाललीय,” भिंगरी हळूच म्हणाली.

“अभिनंदन,” पंडित म्हणाले.

भिंगरी खुराड्यात परतली. पळून जावं, तर खुराड्याबाहेर कोल्ह्याने सन्मानाचा पहारा बसवला होता.

सत्काराच्या दिवशी ती दरबारात गेली, तर शुभ्राबाई आधीच हजर. चिखलात लोळून, वर राखेचे ठिपके लावून आली होती. इतकी वर्षं जपलेला पांढरा रंग एका दवंडीने उतरला होता. दरबारामागे चूल पेटली होती. तिला वाटलं, होमहवन असेल.

भिंगरीला तिची दया आली. जवळ सरकून ती कानात म्हणाली, “बाई, गप्प बसा. हा सत्कार नाही.”

“जळतेस,” शुभ्राबाई म्हणाली.

वाघमहाराजांनी आवंढा गिळला आणि दोघींपैकी अस्सल गावठी कोण, ते विचारलं.

भिंगरी पुढे झाली. आपली आजी विलायतेहून आली, घरात माती म्हणून कुणी पाहिली नाही, उकिरडा कशाला म्हणतात तेही ऐकून माहीत, असं तिने मान खाली घालून सांगितलं. दरबार छी थू करू लागला.

“मी आहे गावठी,” शुभ्राबाई छाती काढून म्हणाली. “सात पिढ्यांची.”

तिला हार घातला गेला. टाळ्या झाल्या. मग तिला मागे नेण्यात आलं.

रस्सा हा हा म्हणता शिजला. गावठी कोंबडी इतक्या लवकर शिजत नाही, हे घुबडपंडितांना पक्कं ठाऊक होतं. पण त्यांच्याही पानात एक तंगडी पडली होती.

महाराजांनी ढेकर दिली. “याला म्हणतात आपल्या मातीची चव.”

परकी म्हणून भिंगरीला जंगलाच्या कडेला हाकलून दिलं. माकडं आता तिला ‘विलायती’ म्हणून चिडवतात. ती ऐकते आणि दोन्ही पायांनी मनसोक्त उकरते.

तात्पर्य : आपल्या मातीचा अभिमान जरूर बाळगावा. फक्त विचारणारा जेवलाय की नाही, ते आधी पाहून घ्यावं.