आप्पासाहेब दोरीवाले यांनी खिडकी सर केली त्याची हकीकत

हे कोणी खरे मानणार नाही. बखरकाराचा आग्रहही नाही, कारण जो तो खरे मानू लागला तर बखरी लिहावयाच्या कोणासाठी? तथापि घडले ते घडले, आणि ज्यांची बोटे त्या थंडीत वाकडी जाहली ते अद्याप हयात आहेत. श्रोतेजनांनी पाय पांघरुणात घ्यावे, मध्ये खोकू नये, आणि शंका असल्यास शेवटी पुसावी, म्हणजे तोवर विसरेल.

तरी प्रारंभ ऐसा. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांची दौलत होती. थोरली खोली रस्त्याकडे तोंड करून, तीस एकच खिडकी, ती खिडकी कोनाड्यात, आणि कोनाडा एवढा खोल की त्यात भला माणूस स्टूल टाकून सुखे बैसेल. खिडकीच्या कट्ट्याखाली लोखंडी हीटर भिंतीस जखडलेला. या दौलतीचे धनी राजश्री आप्पासाहेब. यांनी उभी हयात नाटकगृहात पडद्याची दोरी ओढण्यात घालविली, म्हणोन लोक त्यांस दोरीवाले म्हणत. रंगभूमीवर राजे मेले, राण्या रडल्या, परंतु आप्पासाहेबांनी दोरी सोडल्याखेरीज कोणाचेही मरण पुरे जाहले नाही, ऐसा त्यांचा दरारा. आता दोरी सुटली होती आणि दरारा घरात वापरावा लागे. घरात मात्र कारभार बाईसाहेबांचा. बाईसाहेब शिवणकाम करीत, त्यांचे मशीन उजेडासाठी खिडकीसमोर मांडिले होते, आणि दौलत चालली होती ती त्या मशीनच्या खडखडाटावर.

त्या साली गारठेराव नामे गनीम मोठ्या जमावानिशी चालून आला. त्याने प्रथम तावदानाच्या फटी हेरिल्या, मग तेथून आघाडीचा वारा आत घातला, आणि सुई गार पडली, मग कात्री गार पडली, मग बाईसाहेबांची बोटे गार पडली. हीटर अहोरात्र झुंजे आणि विजेचे मीटर भिंगरीसारखे फिरे, परंतु ऊब म्हणावी तर काचेस लागोन बाहेर जाई, जणू रस्त्याचीच चाकर. गिऱ्हाइके मापास येत ती अंगातील कोट काढीनात. तेव्हा कोटावरून मापे घेण्यात आली, आणि एका शिक्षिकाबाईंचा झगा ऐसा जाहला की त्यात त्यांची धाकटी बहीणही मावली आणि वर हवा खेळावयास जागा उरली. बाई झगा परत ठेवोन गेल्या.

यावर बाईसाहेबांनी फर्मान काढिले, ते शब्दशः ऐसे: "अहो, या खोलीत ऊब आली तर ठीक. नाहीतर रविवारी लेक-जावई येतायत, त्यांच्या गाडीत मशीन टाकून मी जाते. थंडी सरली की येईन. तुम्हाला यायचं तर या."

हे ऐकोन आप्पासाहेबांचे धाबे दणाणले. जावईबापू माणूस सोन्यासारखा, परंतु त्यांचे घरी पहाटे उठोन खिडक्या सताड उघडण्याची आणि दीर्घ श्वास घेण्याची चाल होती, आणि पाहुण्यांसही श्वास घ्यावा लागे. तेथे जाणे म्हणजे गनिमाच्या छावणीत आपण होऊन जाणे. बरे, न जावे तर मशीन जाणार. आणि त्या खडखडाटाखेरीज आप्पासाहेबांस दुपारी डोळा लागत नसे, ही गोष्ट त्यांनी उभ्या संसारात कोणास बोलोन दाखविली नव्हती, बाईसाहेबांस तर मुळीच नाही. सबब मोहीम काढणे प्राप्त जाहले.

बाईसाहेबांचे म्हणणे पडले की कापड आणि अस्तर आणावे, शिवण आपण घालू, आधी टेप घेऊन माप मात्र नीट घ्यावे. आप्पासाहेबांनी टेपेकडे पाहिलेही नाही. पडद्याच्या कामी आम्हांस कोणी शिकवू नये, आम्ही खासा जातो आणि तयार पडदा घेऊन येतो, ऐसा जबाब करोन, मफलर बांधोन आणि वितीने मापोन स्वारी कूच करती जाहली.

कोपऱ्यावर पडदेवाल्याचे दुकान. पडदेवाल्याने आदबीने स्टूल दिले आणि माल काढिला. प्रथम आले जाळीचे, मग आले फुलाफुलांचे. आप्पासाहेबांनी फुंकर मारून पाहिली तो ते लगेच हलले. हे दरबारी सरदार, वारा येताच मुजरा करोन वाट देतील, यांस रणात नेऊ नये, ऐसा निवाडा जाहला. मग पडदेवाल्याने मागील फडताळातून एक गठ्ठा आणिला, त्यासरशी मेज करकरले. वर जाड विणीचे कापड, पाठीस मऊ दाट अस्तर, आणि दोहोंमध्ये हवा कोंडलेली, आणि ती कोंडलेली हवाच थंडीस अटकाव करी. पडदेवाल्याने अर्ज केला की हा हिवाळ्यात ऊब आत राखतो, उन्हाळ्यात झळ बाहेर ठेवितो, आणि विजेचे मीटरही थोडे दम खाते. त्याने मागे दिवा धरिला, दिवा दिसेना. आप्पासाहेबांनी फुंकर मारिली, कापड ढिम्म. मग त्यांनी पडद्यास गाल लाविला आणि क्षणभर डोळे मिटिले. नाटकगृहाच्या मखमलीचा तोच भार, तोच लाल रंग.

माप लिहिता लिहिता पडदेवाला पुसता जाहला, "काका, घरात हीटर कुठं आहे?"

आप्पासाहेब सावध जाहले. आज हीटरचा ठाव पुसतो, उद्या हीटर विकावयास दारात येईल. त्यांनी उत्तर दिले की ही घरातली गोष्ट आहे, बाहेर सांगण्याची नव्हे, आणि उंचीविषयी हुकूम केला तो ऐसा: "पडदा जमिनीवर लोळला पाहिजे. आखूड पडद्याखालून मेलेल्या राजाचे पाय दिसतात."

पडदेवाल्याने पहिले माप खोडोन नवे लिहिले. मग त्याने पडदा लांब दिला.

पुढे पडदा चढला. आप्पासाहेबांनी दांडा काचेजवळ न लाविता कोनाड्याच्या तोंडावर लाविला, कारण रंगमंच दिसला की पडदा त्याच्या तोंडावरच पाहिजे. मग दोरी ओढिली. लाल पडदा सरसरत मिटला, खिडकी गेली, कट्टा गेला, हीटरही आत गेला, रस्त्याचा आवाज बंद जाहला, आणि दौलतीत सर्वत्र आनंद जाहला. आता ऊब येईल म्हणोन उभयता खुर्च्या टाकोन पडद्यासमोर बैसली, जैसे प्रेक्षक बैसतात.

ऊब आली नाही. उलट थंडी वाढली. मीटर पूर्वीहून जोरात फिरू लागले आणि खोली पूर्वीहून गार, ऐसा चमत्कार जाहला. बाईसाहेबांनी शालीवर कोट घातला, मग हातमोजे घालोन शिवू लागल्या, आणि एका बाहीस हातमोजाच शिवला गेला. बाईसाहेबांनी सुतळीची गुंडी काढोन मशीनशेजारी ठेविली, आणि आप्पासाहेबांस तिचेच भय वाटले.

याच सुमारास दौलतीत एक मांजर दाखल जाहले. ते आले कोठून हे कोणी पाहिले नाही, परंतु मांजर थोर होते. दुपारचे जेवण आटोपले की पडद्याआडून त्याचे घोरणे ऐकू येई, ऐसे की टेबलावरील टाचण्या थरथरत. पडद्याआड त्याचे राहणे होते याच्या खुणा सापडत: बिस्किटाचा चुरा, अर्धे सोडविलेले शब्दकोडे आणि एक चष्मा. यावरून मांजर पढिकही होते. त्याच वेळी खासा आप्पासाहेब मात्र नेमके दिसेनासे होत. ते मसलतीस जात. कोठे जात, हे बखरकाराने पुष्कळ शोधिले, थांग लागला नाही. परत येत तेव्हा गाल लाल असत. मसलत मोठी तापलेली असावी.

शनिवार आला. बाईसाहेबांनी मशीनवर झाकण घातले, चादर गुंडाळिली, सुतळीच्या गाठी मारिल्या. दुपारी खडखडाट नव्हता, आणि नवल हे की त्या दुपारी मांजरासही झोप लागेना. पडद्याआड नुसते सुस्कारे चालले होते. मग बाईसाहेब काही केल्या करमेना म्हणोन मशीनच्या गाठी सोडोन एक शेवटची शिवण घालू लागल्या, आणि खडखडाट सुरू होताच घोरणेही सुरू जाहले.

आता मोहिमेचा मुख्य प्रसंग ऐकावा. आप्पासाहेब त्या समयी दूर मसलतीच्या ठिकाणी होते, तथापि मांजर एवढे सुखात का झोपते याचा त्यांनी तेथूनच विचार केला आणि त्यांस उमगले की ऊब कोठे गेली नाही, ती पडद्याआड आहे. आपणच आपली रसद आपल्याच पडद्याने कोंडिली, हीटर काच तापवीत बैसला, आणि खोली उपाशी. तत्काळ त्यांनी हुकूम पाठविला की पडदा कट्ट्याइतका कापावा, दांडा काचेलगत न्यावा, कडा भिंतीस चिकटवाव्या, आणि हीटर मोकळा सोडावा. बाईसाहेबांनी मोठी कात्री घेतली आणि हुकूम शिरसावंद्य मानोन कापड कापिले. उरल्या कापडाची गुंडाळी करोन दाराखालची फटही बुजविली.

रात्र सरण्यापूर्वी गारठेराव मोर्चे उठवोन पळाला. मीटर संथ जाहले. बाईसाहेबांनी प्रथम हातमोजे काढिले, मग शाल, मग सोडलेली सुतळी कात्रीने तोडिली आणि ती पुन्हा बांधिली नाही. रविवारी लेक-जावई आले. जावईबापूंनी कोट काढिला, थोड्या वेळाने स्वेटर काढिला, आणि खिडकी उघडावयास उठले तो बाईसाहेबांनी त्यांस खाली बसविले. शिक्षिकाबाई कोटाविना माप देऊन गेल्या, आणि नवा झगा त्यांस एकटीसच बेतला.

येणेप्रमाणे खिडकी फत्ते जाहली, ऊब ठाण्यात कायम जाहली, मशीन आपल्या जागी राहिले, आणि यशाचे धनी राजश्री आप्पासाहेब दोरीवाले ठरले. मांजर त्याच दिवशी निघोन गेले, त्याचा पुढे पत्ता नाही. हे पुढील पिढ्यांच्या माहितीस्तव नोंदविले असे.

इतकी हकीकत पुढल्या हिवाळ्यात जावईबापूंस ऐकवोन आप्पासाहेब चहाचा घोट घेते जाहले, तो लेक म्हणाली, "आई, तुम्ही मांजर कधी आणलंत?"

मशीन थांबले.

"मांजर कसलं गं. मी पडदा कट्ट्याच्या उंचीला कापला, तर खाली दोन पाय. निळे मोजे, मीच विणलेले. आणि ते मोजे घोरत होते."