विक्रमी दीर्घिकेची मेजवानी

मेंढीचं उकडलेलं डोकं कामशातच्या पुढ्यात आलं तेव्हा तिला भरून आलं. हा मान वडीलधाऱ्यांचा. पण वेधशाळेच्या भोजनघरात आज उत्सवमूर्ती तीच होती. सहा वर्षं ती एका बटू दीर्घिकेच्या मागे होती. दीर्घिका एवढीशी, पण तिच्यात तारे अजून जन्मत होते. प्रकाशाचा आलेख तपासला, तर ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच. म्हणजे ताऱ्यांनी ऑक्सिजन घडवण्याआधीचा, विश्वाच्या बालपणीचा वायू, थेट जसाच्या तसा. विक्रमच. संचालक सेइलबेक आगाय यांनी लगोलग राजधानीला कळवूनही टाकलं.

पाहुण्यांत खालच्या गावातल्या लग्नाच्या हॉलचे मालक दौकेन होते. अंगणात पाऱ्याचे आठ नवे दिवे लावलेत, डोंगरावरच्या शेळ्या मोजून घ्याव्यात असा उजेड पडतो, असं ते कौतुकाने सांगत होते.

कामशातचा घास हातातच राहिला. "कधी लावलेत?"

"गेल्या मंगळवारी. का हो?"

दीर्घिका टिपली होती गुरुवारी, पण तिच्यातून वजा करायचा आकाशाचा उजेड कामशातने सोमवारचा, म्हणजे दिवे लागण्याआधीचा वापरला होता. ती तशीच उठून आलेखाकडे गेली. ऑक्सिजनची एक रेघ जितकी ठळक, तितका वायू तापलेला; आणि वायूला थंड करणारा ऑक्सिजनच असल्याने, तितका ऑक्सिजन कमी. आणि नेमकी तिच्याच अंगावर पाऱ्याची रेघ चढून बसली होती. ती काढल्यावर दीर्घिका अगदी चारचौघींसारखी निघाली.

गप्प बसता आलं असतं. पण कामशातने परत येऊन सगळ्यांसमोर सांगून टाकलं. सेइलबेकनी रश्श्याचा वाडगा बाजूला सारला.

"राजधानीला मी सांगतो," ते म्हणाले. "तू जेव. आपली चूक आपणच शोधणारी माणसं मला रोज मिळत नाहीत."

उजेड आकाशात जाऊ नये म्हणून दौकेननी दिव्यांवर झाकणं बसवायचं कबूल केलं, पण गिऱ्हाईक तुटेल ही धास्ती त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती.

महिन्याभराने कामशात नव्या नोंदी तपासत होती. दीर्घिकेच्या कडेला एक फिकट पुंजका उमटला होता आणि त्यात ऑक्सिजन खरोखरच नावापुरता होता. कोणालाही न सांगता ती तिसऱ्यांदा पडताळत असताना दौकेनचा फोन आला. तक्रारच असणार, असं तिने धरलं.

तक्रार नव्हती. परवाच्या लग्नात नवरदेवाचे आजोबा आकाशातली 'पक्ष्यांची वाट', म्हणजे आपली आकाशगंगा, बघत अंगणातच बसून राहिले. मग सगळं वऱ्हाड बाहेर आलं. आता लोक येऊन काळोखच मागतात.

"तेव्हा डॉक्टरबाई, एक विनंती," दौकेन म्हणाले. "तुमच्या वेधशाळेच्या फाटकावरचा दिवा तेवढा झाकाल का? आमच्या पाहुण्यांच्या डोळ्यांवर येतो."