नम्रतेचा आठवडा

येत्या दिवाळीपर्यंत आपण ऑपरेशन्स मॅनेजर होणार आणि शारजा सोडून पॉश दुबई मरीनाला राहायला जाणार, असं सूर्यकांत टिपणिसांनी जाहीर करून टाकलं होतं. बायकोला, मुलीला, पुण्याच्या मेव्हण्याला आणि बिल्डिंगच्या वॉचमनलासुद्धा!

एवढ्या खात्रीचं कारण होतं खिशातली एक छोटी वही. शारजाचं घर ते जबल अली बंदरातलं ऑफिस हा रोजचा ट्रॅफिक जाम. त्यात मोबाईलवर काहीबाही ऐकताना त्यांना अडीचशे वर्षांपूर्वीचा एक अमेरिकन छापखानेवाला सापडला. मेणबत्त्या बनवणाऱ्याचा पोरगा! पण पठ्ठ्याने तेरा सद्गुणांची यादी केली, दर आठवड्याला एकेक गुण घोटला, चुकलं की वहीत काळा ठिपका दिला आणि थेट देशाच्या कारभारापर्यंत पोचला.

"मग मी मरीनापर्यंत का नाही पोचणार?" टिपणिसांनी विचारलं.

घरच्यांनी बारा आठवडे सोसलं. मौनाच्या आठवड्यात दूध उतू जात असल्याचं टिपणिसांनी खुणांनी सांगितलं. खुणा कळेपर्यंत दूध ओट्यावर. नीटनेटकेपणाच्या आठवड्यात दियाचा सायन्स प्रोजेक्ट कचऱ्यात गेला. "डॅड, यू आर इम्पॉसिबल!" म्हणून लेक दोन दिवस बोलली नाही.

तेरावा गुण नम्रता. आणि नेमका त्याच आठवड्यात, मंगळवारी, प्रमोशनचा इंटरव्ह्यू!

"अहो, एक दिवस ती नम्रता घरी ठेवून जा," सुचित्रा म्हणाली.

"नियम म्हणजे नियम! आणि इंटरव्ह्यू आमचे वासिफसाहेबच घेणार, त्यांना माझं काम ठाऊक आहे गं. मी नाही नाही म्हणायचं, ते म्हणणार, नाही कसं, तुम्हीच केलंत! पंगतीत आपण नको नको म्हणतो, तरी ताटात जिलबी पडतेच ना?"

"वासिफसाहेब आपल्या पंगतीत कधी जेवलेत?"

हा प्रश्न टिपणिसांनी कानाआड केला.

इंटरव्ह्यूला वासिफसाहेब समोरच बसले होते. "सूर्यकांत भाई, रमजान में तीन सौ कंटेनर टाइम पे निकले. कमाल किया आपने!"

"मैंने कहाँ, सर! सब जोकिम का काम है." जोकिम म्हणजे टिपणिसांचा असिस्टंट. वसईचा, रोज त्यांच्याच गाडीतून येणारा. एवढं बोलून टिपणीस मान खाली घालून आग्रहाची वाट बघत बसले.

आग्रह कसला! साहेबांनी कागदावर लिहून घेतलं. "अच्छा. जोकिम. और गोदाम का नया सिस्टम?"

"वो भी... जोकिम का ही समझिए."

"समझ लिया."

चांगले सहा महिने टिपणीस राबले होते त्या सिस्टमवर! खरं सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं. पण सोमवारपासून वहीत एकही ठिपका नव्हता, आणि त्या कोऱ्या पानाचा त्यांना भयंकर गर्व झाला होता.

"तो फिर आपने क्या किया?"

"मैं तो बस खडा था, सर."

वासिफसाहेब उठले आणि त्यांनी टिपणिसांचा हात हातात घेतला. "हबीबी, इतना सच्चा आदमी मैंने जिंदगी में नहीं देखा. खलास! फैसला आसान हो गया."

टिपणीस पेढे घेऊनच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली. ऑपरेशन्स मॅनेजर: जोकिम! त्या बिचाऱ्याने धावत येऊन मिठीच मारली. "सर, माझ्या सख्ख्या बापानेपण माझ्यासाठी एवढं केलं नसतं!" तो ढसाढसा रडला. टिपणीसही रडले, पण त्यांचं कारण वेगळं होतं.

संध्याकाळी एचआरच्या व्हिवियनचं मेल आलं. इंटरव्ह्यूतल्या आपल्याच सांगण्यानुसार आपल्या विभागातली सगळी कामं इतर लोक करतात. तरी आपण नक्की काय करता, ते गुरुवारपर्यंत लेखी कळवावं. त्यानंतर आपल्या पोस्टचा विचार करण्यात येईल.

मरीना राहिलं बाजूला, आता शारजाचंही कठीण दिसायला लागलं! सुचित्राने मेल दोनदा वाचलं. ओरडली नाही, काही नाही. फक्त म्हणाली, "सरका." आणि लॅपटॉप पुढे ओढून तिने पहिलंच वाक्य ठोकलं: माझ्याशिवाय या कंपनीचं पान हलत नाही.

टिपणीस तिच्या खुर्चीमागे अंग चोरून उभे होते. जरा खाकरून म्हणाले, "अगं, 'पान हलत नाही'च्या ऐवजी 'थोडं जड जातं' असं घातलं तर?"

सुचित्राने मागे वळूनही पाहिलं नाही.

"दिया, बाबांना जरा खाली फिरवून आण!"