लंडनला गेलेल्या पाटल्या

"देशाचं सोनं विमानानं लंडनला रवाना," काकासाहेबांनी पेपरातली बातमी मोठ्यांदा वाचली. "गहाण ठेवून कर्ज काढणार. घ्या! आता एवढंच राहिलं होतं."

काकासाहेब रिटायर्ड तलाठी. पेपर विकत न घेता रोज क्रांती चौकातल्या बद्रीनाथच्या एस.टी.डी. बूथवर येऊन वाचायचे, आणि मोबदल्यात सगळ्यांना वाचून दाखवायचे. बद्रीनाथ मशीनला अगरबत्ती ओवाळत होता. त्याची बायको द्वारकाबाई चहाचा थर्मास घेऊन नुकतीच आली होती.

"कोणतं सोनं, काका?" तिनं विचारलं.

"कोणतं म्हणजे? बँकेतलं."

"बँकेतलं?" द्वारकाबाई नवऱ्याकडे वळली. "अहो, माझ्या पाटल्या बँकेतच हायेत ना?"

अगरबत्तीचा निखारा बद्रीनाथच्या बोटाला लागला.

पाटल्या बँकेत नव्हत्या. कधीच नव्हत्या. लासूर स्टेशनच्या नानासाहेबांनी लेकीच्या लग्नात घातलेल्या त्या जाडजूड पाटल्या बद्रीनाथनं बूथ टाकताना गुलमंडीच्या दत्तोपंत सराफाकडे गहाण टाकल्या होत्या. डिपॉझिट, काचेची केबिन, लाल आकड्यांचा मीटर आणि पिवळा बोर्ड, सगळं त्यातून उभं राहिलं. बायकोला त्यानं सांगितलं, "चोऱ्या लई वाढल्यात. लॉकरात ठिवल्यात." धंदा वर आला की सोडवून आणू, असा हिशेब होता. पण एक्याण्णव साल हे धंदा वर येण्याचं साल नव्हतं. रुपया घसरला, कारखान्यांच्या ऑर्डरी आटल्या आणि लोक फोनवर "बरे आहात का" विचारायचेच बंद झाले. समोरचा खरंच सांगत बसला तर मीटर पळायचा. बोर्डावर आय.एस.डी. ही अक्षरं सगळ्यांत मोठी होती, पण परदेशी फोन आजवर एकही लागला नव्हता.

दत्तोपंत मात्र देवमाणूस. सुरुवातीला व्याजासाठी निरोप धाडायचे. मग एकाएकी तगादा थांबला तो थांबलाच. बद्रीनाथनं कारण विचारलं नाही. झोपलेल्या सावकाराला कुणी उठवू नये, एवढा व्यवहार त्याला कळत होता.

"गप्प का?" द्वारकाबाई म्हणाली. "उद्या लासूरला बारसं हाय. भावाचा पहिला पोरगा. मी आत्या. पाळण्यात नाव मी ठेवणार, आन् हातात काय, काचेच्या बांगड्या? दादा पहिला सवाल काय करतील?"

सासरे सवाल काय करतील हे बद्रीनाथला पाठ होतं. रात्रभर तो उत्तर शोधत होता आणि आता ते आयतं पेपरात छापून आलं होतं. सगळा देश सगळ्याचं खापर सरकारवर फोडत होता. त्यात दोन पाटल्यांचं आणखी फोडलं तर सरकारला काय जड होणार?

त्यानं लांब सुस्कारा सोडला. "गेल्या असतील, द्वारका. देशावर वेळ आलीय."

"अहो, काहीतरीच काय!" काकासाहेब उसळले. "ते सोनं वेगळं, लॉकरातलं वेगळं..."

"मंग माही बोरमाळ?" हा आवाज शेजारच्या केळीच्या गाड्यावरून आला. दगडाबाई हातातला घड तसाच टाकून बूथवर आली. "माही बोरमाळ बी बँकेतच हाय!"

"दगडाबाई, ऐका माझं..."

"तुमी गप ऱ्हा काका. तुमचं काय गेलंय? तुमच्या गळ्यात मफलर!"

काकासाहेबांनी मफलर सावरला. तोवर दगडाबाईनं हाळी दिली होती, आणि केबिनभोवती सात-आठ बायका जमल्या. कुणाचे बँकेत झुबे, कुणाची पोत. पाटल्यांपुरतं रचलेलं खोटं आता अख्ख्या वॉर्डाला पुरत होतं.

"रडून काय व्हणार?" द्वारकाबाई शांतपणे म्हणाली. "आपल्याकडं फोन हाय. बोर्डावर आय.एस.डी. लिहिलंय. लावा लंडनला आन् विचारा."

"लंडनला? अगं, किती पैसे पडतात, ठाऊक हाय का?"

"पाटल्यांपरीस जास्त?"

बायका एकजुटीनं म्हणाल्या, "लावा!"

बद्रीनाथ केबिनमध्ये शिरला. लंडनमधलं कुणी त्याच्या ओळखीचं नव्हतं, आणि असतं तरी लावण्याची ऐपत नव्हती. पाटल्या डोक्यात होत्या, बोटांना एकच नंबर आठवला, तोच फिरवला. लंडनचा नंबर एवढा आखूड नसतो हे त्याच्या हिशेबानं तिथं फक्त काकासाहेबांना माहीत होतं, पण त्यांना गप्प बसवलं होतं. केबिन काचेची असली तरी खाली चार बोटं फट होती. बद्रीनाथ फटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हॅलो, लंडन का?"

"गुलमंडी," पलीकडून उत्तर आलं. "दत्तोपंत सराफ. कोण पाहिजे?"

"साहेब, मी औरंगाबादहून बद्रीनाथ बोलतोय."

"मीही औरंगाबादहूनच बोलतोय. सकाळी सकाळी घेतलीत की काय?"

"साहेब, आमच्या पाटल्या सुखरूप हायेत, एवढं बोला. बास."

मग दत्तोपंत घसा खाकरून म्हणाले, "बद्रीनाथ, आता तुम्ही विचारलंच म्हणून सांगतो. पाटल्या माझ्याकडे नाहीत."

"नाहीत?"

"गेल्या."

"कुठं गेल्या?"

"ते सांगता येणार नाही. मी शब्द दिलाय."

नाटक करायला गेलेल्या बद्रीनाथवर खरोखरच रडायची वेळ आली. सराफानं पाटल्या विकल्या! तगादा थांबला तो म्हणूनच! "गेल्या..." तो पुटपुटला, आणि ते फटीतून बाहेर गेलं.

"गेल्या म्हंत्यात!" बायकांत हाहाकार उडाला. दगडाबाई दार ढकलून आत घुसली आणि तिनं रिसीव्हर हिसकावला. "ओ लंडनवाले! माही बोरमाळ द्या परत! केळी इकून केलीय मी ती!"

"कोण बोलतंय?"

दगडाबाईनं रिसीव्हरवर हात ठेवला आणि डोळे विस्फारून बाहेर बघितलं. "अगं बया, तिकडं मराठी बोलत्यात!" मग फोनमध्ये, "मी दगडाबाई. क्रांती चौकातली, केळीवाली."

"हां, दगडाबाई. तुमची नथ दुरुस्त होऊन पडलीय कधीची. घेऊन जा की."

दगडाबाईनं रिसीव्हर खाली ठेवला तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. "बोरमाळीचं नाय बोलला, पर माणूस इमानी हाय. माही नथ नीट झालीय म्हणला. लंडनला माही नथ बी ठाव हाय!"

यानंतर प्रत्येक बाईला लंडनशी बोलायचं होतं. बद्रीनाथनं दोघींना लावून दिला. तिसरीला लंडननं फोन उचलला, "दुकान आहे हे, चावडी नव्हे" असं काहीतरी ओरडलं, आणि चौथीपासून उचलणंच बंद केलं.

काकासाहेब इतका वेळ मीटरकडे बघत होते. आता त्यांच्याच्यानं राहवेना. "बद्री, लंडनचा फोन, आणि मीटर एका रुपयावर?"

द्वारकाबाईनं थर्मास उचलला, मीटरकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, "रुपया पडला म्हंत्यात ते हेच असंल. लंडन लई स्वस्त झालंय."

बद्रीनाथला त्या वाक्यात काहीतरी टोचलं. पण काय टोचलं हे बघायला त्याला फुरसत नव्हती. बायका पांगताच तो सायकलीवर टांग टाकून गुलमंडीला सुटला.

दुकानाला कुलूप होतं. शेजारचा कापडवाला म्हणाला, "पंत तो गये. फोनपे कोन कोन बायका सतवायले म्हणून वैतागले. लासूरला बारसं हाय म्हणे, बाळाचे वाळे पोचवायचे, तो जरा जल्दीच निकल गये."

बद्रीनाथ कुलपाला टेकून उभा राहिला. पाटल्या गेल्या होत्या, आणि त्या गेल्याचं ज्याला ठाऊक, तो सासऱ्याच्याच घरी मुक्कामाला निघाला होता.

दुसऱ्या दिवशी पॅसेंजरमध्ये द्वारकाबाई खिडकीशी बसली होती, दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या, मांडीवर पिशवी. पोटूळ स्टेशन गेलं तरी तिनं पाटल्यांचा शब्द काढला नाही. बद्रीनाथला तेच जास्त भारी पडत होतं. त्यानं तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा चहा मागवला.

नानासाहेबांच्या अंगणात मांडव होता, आणि मांडवात गादीवर नानासाहेबांच्या मांडीला मांडी लावून दत्तोपंत बसले होते. दोघांच्या हातात बश्या.

"या जावईबापू!" नानासाहेब गरजले. "आत्ताच तुमचा इषय चालला होता."

"माझा?"

"पंत सांगत व्हते, फोनचा धंदा लई जोरात हाय म्हणून. पार लंडनपस्तोर!"

दत्तोपंत बशीत बघून चहा फुंकत राहिले.

"आन् हे आपलं सरकार बघा," नानासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "देशाचं सोनं गहाण टाकलं. आरं, कष्टाचं खाय, उपाशी ऱ्हाय, पर घरातलं सोनं गहाण? असला माणूस माह्या उंबऱ्यावर उभा नाय करणार मी. काय जावईबापू?"

"व्हय मामा."

"मोठ्यांदा बोला की."

बद्रीनाथनं मांडवभर पाहिलं. पाहुणे, पाळणा, सासरा, सराफ. लपायला केबिनसुद्धा नव्हती. गेल्या दीड वर्षात पहिल्यांदाच त्याला खरं बोलणं स्वस्त वाटलं.

"मामा," तो म्हणाला, "सरकारला नावं ठेवू नका. मी... त्या पाटल्या..."

"पाटल्यांचं काय?"

"मी त्या..."

"उजळून आणल्या ह्यांनी," मागून आवाज आला. द्वारकाबाई घरातून बाहेर येत होती. हिरव्या बांगड्यांशेजारी दोन्ही हातांत पाटल्या पिवळ्याधमक चमकत होत्या. "बारशासाठी. बघा दादा, कशा दिसतात?"

"झकास!" नानासाहेब म्हणाले. "मंग हे मोठ्यांदा सांगायला काय झालं? जावई लई लाजरा हाय आमचा."

दत्तोपंतांना जोराचा ठसका लागला.

पाळणा हलला, आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, तिच्या पाठीवर धपाटे बसले, घुगऱ्या वाटल्या. मग बद्रीनाथनं बायकोला अंगणातल्या आडामागं गाठलं.

"कधी सोडवल्यास?"

"संक्रांतीला."

"पैसे?"

"येणाऱ्या फोनचे."

"येणाऱ्या फोनचे कसले पैसे?" येणारे फोन म्हणजे त्याच्या लेखी धंद्याची कीड. लोक गावाकडच्या नातलगांना बूथचा नंबर देऊन ठेवायचे, मग फोन यायचे, "जरा अमक्याला बोलवा." लाइन अडकायची आणि मीटर ढिम्म. तो सरळ "राँग नंबर" म्हणून ठेवून द्यायचा. दुपारी तो जेवून घरी घोरत पडायचा तेव्हा बूथ द्वारकाबाई सांभाळायची.

"म्हणून सगळे दुपारीच फोन करतात," ती म्हणाली. "मी गल्लीत जाऊन हाक मारते. हाकेचे दोन रुपये. बाळंतिणीला एक. जाणाऱ्या फोनचा धंदा तुमचा, येणाऱ्याचा माझा."

"पण तुला कळलं कसं, पाटल्या पंतांकडं..."

"त्यांचाच फोन आला व्हता दुपारी. 'बद्रीनाथांना सांगा, व्याज थकलंय.'" तिनं पदर सावरला. "त्यांना बी निरोपाचे दोन रुपये लावले. व्याजातून कापून घेतले."

"मग काल तो सगळा तमाशा?"

"संक्रांतीपासून वाट पाहते, आज सांगाल, उद्या सांगाल. काल तर तुम्ही सरकारवर ढकललं. मग म्हटलं, बघू तरी लंडन कसं लावतात ते." आता मात्र तिला हसू आवरेना. तोंडाला पदर लावून ती निघून गेली.

मांडवात पंगत बसली. नानासाहेब म्हणाले, "जावईबापू, आमच्या द्वारकीला हाक मारा. पंतांना पुरण वाढा म्हणावं."

"द्वारका!" बद्रीनाथनं हाक मारली.

ती आली. पण पुरणाच्या पातेल्याकडे गेली नाही. त्याच्यासमोर येऊन थांबली आणि पाटली घातलेला हात पसरला.

बद्रीनाथनं खिसा चाचपला. पाचाची नोट निघाली. "सुटे नायत."

"ऱ्हाऊ द्या," नोट कमरेला खोचत द्वारकाबाई म्हणाली. "तुमची दीड हाक माझ्याकडं जमा."