लिवून दे म्हणणारी चांगुणामावशी

आमच्या चाळीत चांगुणामावशीला कुणी तोंडी काही सांगत नाही. ती लगेच म्हणते, "लिवून दे." पाणी किती वाजता येणार, लिवून दे. डॉक्टर म्हणाला मीठ कमी खा, लिवून दे. एकदा बर्फवाला म्हणाला उद्या नक्की येतो, तर त्याच्याकडून वहीच्या पानावर सही घेतली, आणि तो आलाच नाही, मग दिवसभर ही त्या पानालाच शिव्या घालत बसली. असले सगळे कागद ती सुकटीच्या डब्यात ठेवते. गंमत म्हणजे तिला वाचता येत नाही, एक अक्षर नाही! मी सातवीपर्यंत शिकले म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. नाक दाबून वाचायचं.

तर झालं काय, नवीन मीटर बसवायला माणूस आला. मावशी भांडुप स्टेशनजवळ मासे विकून नुकतीच आलेली, डोक्यावरची पाटी पण उतरवली नव्हती. तो माणूस सहज बोलून गेला, "आता रीडिंगला कोणी येणार नाही. बिल राहिलं तर लाईट पण ऑफिसातनंच बंद. बटन दाबलं की झालं."

माझा सोनू दहा महिन्यांचा, त्याला दम लागतो, वाफेचं मशीन लाईटवर चालतं, आणि आमच्या ह्यांचा पगार कधी वेळेवर नाही. आधी कसं, लाईट कापायला माणूस यायचा, त्याच्या पाया पडता यायचं, पोर दाखवता यायचं. बटनाला पोर कसं दाखवणार?

मी रडायलाच लागले. मावशी त्या माणसाला म्हणाली, "पोराचा मशीन चालू आसताना लाईट जानार नाय, लिवून दे."

"मावशी, मी फक्त स्क्रू मारतो."

"मग जो लिवतो त्याचा पत्ता लिवून दे!"

दुसऱ्या दिवशी धंदा बुडवून ती मला आणि सोनूला मुलुंडच्या ऑफिसात घेऊन गेली. अर्ज मी लिहिला. खिडकीतली मॅडम म्हणाली, "उद्या या."

"उद्या या, ह्या पन लिवून दे."

मागची सगळी रांग हसली. मॅडमने डॉक्टरची चिठ्ठी बघितली, सोनूची छाती वरखाली होताना बघितली, आणि शेवटी रजिस्टर काढलं. म्हणाली, घरात कोणी आजारी किंवा एकटं म्हातारं असेल तर आम्ही शेरा मारून ठेवतो. मग शिक्का मारून कॉपी दिली. मी मावशीला मोठ्याने वाचून दाखवलं, 'आजारी बाळ. लाईट बंद करण्याआधी माणसाने स्वतः घरी जाऊन सांगावे.' तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

त्याच आनंदात मी म्हटलं, "मावशी, तुमचं पण नाव घालूया? एकटं म्हातारं मध्ये?"

अशी भडकली! "कोन एकटी? माझा पोरगा हाय विरारला, सून हाय, दोन नातू हायत! म्हातारी तुझी सासू!" वॉचमन पण आत डोकावून गेला.

जिना उतरलो. खाली आल्यावर तिने सोनूला माझ्याकडून घेतला. मग हळूच म्हणाली, "गो बाय, तो मानूस खराच येतो? घरी?"

"हो, ऑफिसचा शिक्का आहे ना."

"दार वाजवतो?"

"वाजवणारच की."

"बसतो जरा?"

तिने सोनूचं टोपडं नीट केलं, आणि परत जिन्याकडे वळली.

"चल वर. माझा नाव घाल. आन ह्या टायमाचा बिल मी भरनार नाय, कुनाला सांगू नको."