घड्याळाचा नवस, फुलांची शिंक

गेल्याच्या मागल्या वर्षी घड्याळवाल्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांच्या बायकोने एक नवस केला होता.

तसं नवसाचं या बाईंना नवल नव्हतं. दूध उतू जाऊ नये म्हणून नवस, भाचीचा वाकडा दात सरळ यावा म्हणून नवस, वरच्या मजल्यावरच्या पोराने ढोल शिकणं सोडावं म्हणून नवस (हा मात्र अजून फळाला आलेला नाही). सगळी गल्ली त्यांना नवसवहिनी म्हणायची आणि त्यांना त्याचा राग नव्हता. देवाचं दार वाजवण्यात लाज कसली?

पण डोळ्याचा नवस वेगळा होता. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाचा डोळाच गेला तर राहिलं काय? त्याच डोळ्याला भिंग लावून घड्याळवाल्यांनी सगळ्या पेठेची वेळ सांभाळली होती. डॉक्टर म्हणाले, "अहो, अगदी साधं ऑपरेशन." साधं असतं ते दुसऱ्याच्या नवऱ्याचं! घड्याळवाले दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून गपगार पडले होते आणि वहिनी उशाशी बसून मनातल्या मनात (म्हणजे त्यांच्या मते मनातल्या मनात) म्हणत होत्या, "देवा, यांचा डोळा बरा कर. मी यांना ते मोठं घड्याळ दाखवीन."

मोठं घड्याळ म्हणजे दुकानात कामाच्या टेबलासमोर टांगलेलं एका जुन्या कॅलेंडरवरचं चित्र. युरोपातल्या कुठल्याशा शहराचा चौक, चौकात बुरूज, बुरुजावर घड्याळ. तास भरला की वरच्या खिडक्या उघडतात आणि लाकडी बाहुल्या रांगेने फिरून आत जातात. कॅलेंडरचं वर्ष सरून जमाना झाला, तारखांचे कागद उडून गेले, पण चित्र काही भिंतीवरून उतरलं नाही. गिऱ्हाईक नसलं की घड्याळवाले त्याच्याकडे बघत बसायचे. लहान मूल मिठाईच्या दुकानाकडे बघतं ना, तसे.

डोळा झकास झाला. नवस तेवढा राहिला. आणि वहिनींचा एक पक्का नियम होता: नवस फिटेपर्यंत, ज्याच्यासाठी केला त्याला त्यातलं अवाक्षरही सांगायचं नाही. सांगितला की नासला.

यंदा लेकीने फोनवर धरणंच धरलं. "बाबा, दुकान आठ दिवस बंद राहिलं तर जगाची घड्याळं थांबत नाहीत. वसंत ऋतू आहे, आईला घेऊन युरोपला जा!" सोमवारी घड्याळवाले सहलीच्या ऑफिसात गेले आणि दोन रंगीत पत्रकं घेऊन आले. एकाच आठवड्यात दोन सहली, एक चित्रातल्या घड्याळाच्या शहराची आणि दुसरी फुलांच्या शेतांची. दोन्ही गावांची नावं अशी होती की म्हणताना घड्याळवाल्यांची कवळी हलायची. म्हणून घरात त्यांचं बारसं झालं: घड्याळाचं गाव आणि फुलांचं गाव.

"फुलांचं गाव!" घड्याळवाले चपला न काढताच दारातून ओरडले. "काय म्हणतेस?"

वहिनी उशीला अभ्रा घालत होत्या. उशी अर्ध्यातच राहिली. "फुलांचं? आणि घड्याळाचं?"

"घड्याळं काय, रोजचीच. दिवसभर माझ्याकडे डोळे वटारून बघत असतात. न्हाव्याने सुटीत लोकांच्या दाढ्या बघायला जावं का? हे बघ तरी!" त्यांनी पत्रक पलंगावर पसरलं.

वहिनींनी पाहिलं मात्र, काळीज लक्कन हललं. तांबडा पट्टा, पिवळा पट्टा, जांभळा पट्टा, पार आभाळापर्यंत नुसती फुलंच फुलं! मधून आरशासारखं पाणी. ज्या बाईने डब्यांत, फुटक्या बादलीत आणि एकदा तर नवऱ्याच्या जुन्या बुटात गुलाब लावला, तिच्यासमोर हे चित्र ठेवायचं? (देवा, परीक्षा घ्यायची तर घे, पण इतकी रंगीत नको.) तोंडाशी आलेलं "हो" त्यांनी आवंढ्याबरोबर गिळलं.

"मला नको फुलं."

"काय?"

"हल्ली... सोसत नाहीत."

"तुला? फुलं? अगं, परवा गुलाबाला कळी आली तर गल्लीभर सांगत फिरलीस!"

"शिंका येतात," वहिनी म्हणाल्या.

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं असंच होतं. पहिलं खोटं घाईने बाहेर पडतं आणि समोरच्या भिंतीवर जाऊन आपटतं. घड्याळवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवला, चाक कुठे अडकलंय ते शोधताना बघतात तसं बायकोकडे बारकाईने बघितलं आणि म्हणाले, "असं होय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हातगाडी. हातगाडीमागे नणंदबाई.

"वहिनी, दादाने सांगितलं हो सगळं! इतकी वर्षं शिंका दाबून झाडं वाढवलीत? धन्य आहे तुमची! मी नेते सगळ्या कुंड्या आमच्या गच्चीवर."

"वन्सं, अहो, एवढी काही घाई—"

"घाई नको? जिवापेक्षा झाडं जास्त आहेत का?"

"निदान ती कोपऱ्यातली तरी—"

"तीच आधी! वास तिचाच जास्त."

वहिनी जिन्यात उभ्या राहून बघत होत्या आणि त्यांची लेकरं एकेक करून सासरी निघाली होती. बुटातला गुलाबसुद्धा गेला. घड्याळवाले स्वतः कुंड्या उचलून देत होते आणि वर विचारत होते, "आता कसं, हलकं वाटतंय ना?"

बुधवारी त्यांनी चहा पिता पिता सहज म्हटलं, "पण काय गं, मी तुझी एकही शिंक ऐकली नाही."

आता आली का पंचाईत! वहिनींनी स्वयंपाकघरात जाऊन रुमालाच्या टोकाला मिरपूड बांधली, टेबलावर तेवढ्या राहून गेलेल्या फुलदाणीपाशी आल्या आणि रुमाल नाकाला लावून असा श्वास घेतला की बस्स! पहिल्या शिंकेला फुलदाणी कलंडली. दुसरीला शेजारीण "काय पडलं हो?" म्हणत दारात आली. तिसरीला कपाटावर चार महिने बंद पडलेलं टेबलघड्याळ टिकटिक करायला लागलं.

"वा!" घड्याळवाले उठून उभेच राहिले. "मी तीनदा खोललं तेव्हा चाललं नाही हे. तू दुकानातच बस उद्यापासून!"

शेजारणीने धावत जाऊन कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना आणलं. डॉक्टरांनी नाक पाहिलं, घसा पाहिला, मग रुमाल उचलून हुंगला आणि स्वतःच फटाफट शिंकले. डोळे पुसत म्हणाले, "यांना फुलांचं काही नाही. मिरी सोसत नाही."

"म्हणजे फुलांच्या गावाला न्यायला हरकत नाही?" घड्याळवाल्यांनी विचारलं.

"खुशाल न्या. मिरीच्या गावाला तेवढं नेऊ नका."

वहिनी रुमालात तोंड लपवायला गेल्या आणि पुन्हा शिंकल्या.

शनिवारी दुपारपर्यंत ऑफिसात कळवायचं होतं. सकाळीच घड्याळवाले इस्त्रीचा शर्ट घालून, शीळ घालत निघाले. "जातो गं, फुलांचं पक्कं करून येतो! तुझी काही हरकत नाही ना?"

वहिनींनी मानेनेच 'नाही' म्हटलं आणि दार लागल्याबरोबर देवासमोर हात जोडले. "काहीतरी कर रे बाबा. यांची चप्पल तुटू दे. ऑफिसची किल्ली हरवू दे." देव काहीच बोलला नाही. त्याच्यापुढची फुलंही नणंदबाईंच्या गच्चीवर गेली होती, तो तरी कोणत्या तोंडाने बोलणार?

मग एकदम त्यांच्या डोळ्यांसमोर ती पट्टी आली. पांढरी, घट्ट, दोन्ही डोळ्यांवर. आणि त्या पट्टीखाली निपचित पडलेला, सदा बडबडणारा माणूस. त्या दिवशी देवाने शब्द पाळला होता. आता आपण नाही पाळायचा?

वहिनी उठल्या आणि धावत सुटल्या. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात नवऱ्याची. भाजीवाला ओरडला, "वहिनी, कुणाचं काय झालं?" पण थांबतंय कोण! सहलीच्या ऑफिसचं काचेचं दार ढकलून त्या आत शिरल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "फुलं नकोत! घड्याळ पाहिजे! ते लिहिलं असेल तर खोडा!"

टेबलामागची मुलगी दचकून उभी राहिली. "काकू, पण तुमचं बुकिंग घड्याळाचंच आहे. काकांनी सोमवारीच करून ठेवलंय."

"कुठल्या काकांनी?"

मुलीने कोपऱ्यात बोट दाखवलं. घड्याळवाले तिथे खुर्चीवर आरामात बसले होते. मांडीवर ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ पोट उघडून पडलं होतं (ते मागे पडतं हे यांना बघवलं नसणार) आणि बाजूला चहाचा कप.

"सोमवारीच?" वहिनींना धाप लागली होती. "मग माझ्या कुंड्या? तो डॉक्टर?"

"शिंका तू काढल्यास. मी फक्त हमाली केली."

"तुम्हाला... नवसाचं कसं कळलं?"

"अगं, पट्टी माझ्या डोळ्यांवर होती, कानांवर नव्हती! तू मनातल्या मनात बोललीस ना, तेव्हा शेजारच्या खाटेवरचा पेशंटसुद्धा 'तथास्तु' म्हणाला होता."

वहिनी मटकन समोरच्या खुर्चीत बसल्या. "मग बोलला का नाहीत? आठवडाभर फुलं-फुलं करून माझा जीव खाल्लात!"

घड्याळवाल्यांनी एक बारीक स्क्रू जागेवर बसवला. वर न बघताच म्हणाले, "लग्न झाल्यापासून बघतोय. तुला काही हवं असलं की तू देवाकडे मागतेस. दूध, दात, ढोल, सगळं तिकडेच. माझ्याकडे कधी एक शब्द टाकलास? म्हटलं, या वेळी तरी म्हणशील, 'अहो, मला तिकडे न्या.' तेवढंच ऐकायचं होतं गं. पण तू नाकात मिरी घातलीस, तरी मागितलं नाहीस."

वहिनी पायांतल्या दोन वेगळ्या चपलांकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू, नव्या नवरीसारख्या म्हणाल्या, "अहो, मला घड्याळाच्या गावाला न्या."

"नेतो," घड्याळवाले म्हणाले.

एवढ्या लवकर देवानेही त्यांचं कधी ऐकलं नव्हतं.

"पण काय गं," घड्याळवाल्यांनी झाकण लावता लावता विचारलं, "नवसाचा पुढचा भाग विसरलीस वाटतं? 'आणि यांच्याशी जन्मात कधी खोटं बोलणार नाही.' मी नीट ऐकलंय. शेजारच्या पेशंटला साक्षीला बोलावू का?"

टेबलामागची मुलगी फस्सकन हसली, आणि वहिनींचा चेहरा पत्रकातल्या तांबड्या पट्ट्याहून तांबडा झाला.

आणि गेले हो दोघं! विमानात वहिनींनी खिडकीची जागा नवऱ्याकडे मागून घेतली (मागायची गोडी लागली होती). त्या चौकात माणसांची ही गर्दी, वर निळं आभाळ, आणि बुरुजावर चित्रातलं घड्याळ, पण जिवंत! ठोके सुरू झाले. खिडक्या उघडल्या, बाहुल्या निघाल्या. घड्याळवाल्यांनी उजव्या डोळ्यावर हाताची दुर्बीण धरली, आणि त्या दुर्बिणीखालून पाणी ओघळलेलं वहिनींनी पाहिलं. शेवटची बाहुली आत गेली तेव्हा ते घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाले, "दोन मिनिटं मागे आहे. शिडी मिळेल का?"

मग चौकातल्या फुलवालीकडून त्यांनी भला मोठा गुच्छ घेतला आणि बायकोच्या हातात दिला. वहिनींनी डोळे मिटले, आठवडाभराचा उपास सोडावा तसं गुच्छात तोंड खुपसलं, मन भरून श्वास घेतला.

आणि शिंकल्या. एकदा, दोनदा, दहादा. मिरी नाही, रुमाल नाही, अस्सल शिंका! कबुतरं उडाली. लोकांनी घड्याळाकडे पाठ फिरवून वहिनींचे फोटो काढले.

त्या कुंड्या अजून नणंदबाईंच्याच गच्चीवर आहेत. बुटातला गुलाब म्हणे तिथे जास्तच फुलतो.

म्हणून ऐकणाऱ्या सगळ्या बायांना हात जोडून सांगणं आहे: नवस करा, जरूर करा, श्रद्धेने केलेला नवस वाया जात नाही. आणि देवाकडे मागून झालं की तेच एकदा शेजारच्या उशीकडेही मागून बघा, तिकडून ओ लवकर येते. फक्त खोटी शिंक काढू नका. देव भोळा आहे, तो ती खरी करून देतो. पटत नसेल तर नवसवहिनींना जाऊन विचारा, पण जाताना फुलं नेऊ नका.